वीस मिनिटांत आनंदीबाई

‘मानापमान’ कुणाचं? खाडिलकरांचं. ‘सौभद्र’ किर्लोस्करांचं, ‘शारदा’ देवलांची. १९११मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि आजही लोक त्या चालींसाठीच जीव टाकतात, तरी नाटक खाडिलकरांचं. ऑपेरात हे बरोबर उलटं असतं. ‘फिगारो’ मोझार्टचा, ‘ऑथेल्लो’ व्हर्दीचा. ते लिहिणारे लोरेन्झो दा पाँते आणि आरिगो बोइतो जाणकारांच्या गप्पांतच काय ते भेटतात. ऑपेराची संहिता लिहिणारा तो लिब्रेटिस्ट. हे काम मी गेली काही वर्षं शिकते आहे आणि नुकतीच माझी पहिली संहिता, वीस मिनिटांची, गायली गेली. ती कशी घडली ते सांगते.

मी न्यू जर्सीत राहते. नोकरी विमा कंपनीतली, लिहिणं हौसेचं. आमच्या मंडळाच्या संगीत नाटकांना नवी पदं लागली की ती माझ्याकडे यायची. पेटीवाले काका फोनवर चाल गुणगुणून पाठवायचे आणि मी मात्रा मोजत शब्द बसवायची. ही पद्धत आमची नव्हे, जुनीच. संगीत नाटकांची जुनी पुस्तकं उघडा, पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि ‘चाल’ छापलेली असते. कुठे लावणीची, कुठे कीर्तनातल्या पदाची, कुठे एखाद्या कानडी गाण्याची. चाल आधीच उभी असते, शब्द तिच्या मापाने शिवायचे. शिवाय गद्य वेगळं आणि पद वेगळं, त्यामुळे ‘एकच प्याला’ गडकऱ्यांचं आणि त्यातली पदं वि. सी. गुर्जरांची, असंही आपल्याकडे खुशाल चालतं. याच शाळेत माझा हात तयार झाला होता आणि मला त्याचा अभिमान आहे.

२०१३च्या फेब्रुवारीत एका मैत्रिणीने ओढून फिलाडेल्फियाला नेलं. अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये ‘सायलेंट नाइट’ हा नवा ऑपेरा लागला होता. पहिल्या महायुद्धात, १९१४च्या नाताळात, स्कॉटिश, फ्रेंच आणि जर्मन सैनिक खंदकांतून बाहेर येऊन एकमेकांना भेटतात, ती गोष्ट. मूळ एक फ्रेंच सिनेमा. संगीत केव्हिन पुट्सचं (त्याचा हा पहिलाच ऑपेरा), संहिता मार्क कॅम्पबेलची. मिनेसोटा ऑपेराने २०११च्या नोव्हेंबरमध्ये तो पहिल्यांदा सादर केला होता.

त्यातला एक प्रवेश माझ्या डोक्यातून गेला नाही. लढाई नुकतीच आटोपली आहे. ओदबेर नावाचा फ्रेंच लेफ्टनंट आपल्या खंदकात बसून पडलेल्या माणसांची यादी करतो आहे. करता करता आठवतं, बायकोचा फोटो हरवला. तो परत यादीकडे वळतो. परत फोटो. रडणं नाही, युद्धाला शिव्याशाप नाहीत. वर पडद्यावर भाषांतराची अक्षरं उमटत होती, एकेक ओळ चार-पाच शब्दांची. शब्द जिथे थांबत तिथून ऑर्केस्ट्रा पुढे जाई. या जागी आमच्या नाटकात मी चार कडव्यांचं पद लिहिलं असतं आणि ते चांगलंही झालं असतं. पण हे काहीतरी निराळंच होतं. एवढ्या मोजक्या शब्दांवर माणूस एवढा उभा कसा राहतो, हे मला शिकायचं होतं.

मग मी कॅम्पबेलच्या मागे लागले. म्हणजे त्याचं जे मिळेल ते ऐकू, वाचू लागले. हा माणूस म्युझिकल नाटकांची गाणी लिहिता लिहिता ऑपेराकडे आला. २००४मध्ये जॉन मस्टो या संगीतकाराबरोबर केलेला ‘व्होल्पोनी’ हा त्याचा सुरुवातीचा ऑपेरा. तेव्हापासून पस्तीसहून अधिक संहिता झाल्या, आणि एकीचा तोंडवळा दुसरीसारखा नाही. २०१७ला सँटा फेमध्ये स्टीव्ह जॉब्सवरचा ऑपेरा आला, त्यात आयुष्य सरळ रेषेत सांगितलेलंच नाही. काळ मागे-पुढे उड्या मारतो. २०१४चा ‘ॲज वन’ तर अगदी छोटा. त्याची संहिता त्याने किंबर्ली रीडबरोबर लिहिली, संगीत लॉरा कमिन्स्कीचं. पुरुषाच्या देहात जन्मलेल्या हॅना या बाईची गोष्ट, आणि हॅनाचं काम दोघं मिळून करतात, एक बॅरिटोन (पुरुषाचा मधल्या पट्टीचा आवाज) आणि एक मेझो-सोप्रानो (बाईचा मधल्या पट्टीचा). साथीला चार तंतुवाद्यं, बस. एवढ्यात मावतो म्हणून हा ऑपेरा अमेरिकेत गावोगावच्या छोट्या कंपन्यांनी केला. लिब्रेटिस्टने प्रपंच लहान ठेवला की ऑपेराचं आयुष्य वाढतं, हे मी तिथे पाहिलं.

‘सायलेंट नाइट’ला २०१२चं पुलित्झर मिळालं, ते संगीत विभागातलं. म्हणजे पारितोषिक केव्हिन पुट्सला. नियमाने ते योग्यच आहे आणि पुट्सचं संगीत त्या तोलाचं आहेच. पण खंदकातल्या त्या लेफ्टनंटच्या तोंडी यादी आणि फोटो कुणी घातला? मला हे तेव्हाही खटकलं, आजही खटकतं. पुढे कॅम्पबेलनेच स्वतःचे पैसे घालून ‘ऑपेरा अमेरिका’ या संस्थेमार्फत लिब्रेटिस्टांसाठी पारितोषिक सुरू केलं. निव्वळ लिब्रेटिस्टांसाठीचं अमेरिकेतलं ते पहिलं. ही बातमी वाचली त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

मॅनहॅटनमध्ये संध्याकाळी लिब्रेटो-लेखनाचा एक वर्ग चालतो असं कळलं. नाव घातलं. कुणी कवी होते, कुणी नाटककार, एक निवृत्त वकील. आमच्या बाईंनी सुरुवातीलाच बजावलं की इथे कविता लिहायची नाही, प्रवेश लिहायचे. कोण काय मागतंय, ते मिळण्यात अडचण कसली, आणि आत्ताच गायची गरज का पडली, याची उत्तरं एका पानावर आणा. ती येईपर्यंत एकही ओळ रचू नका. कित्येक आठवडे आम्ही नुसती पानंच लिहीत होतो. दुसरी गोष्ट वेळेची. बोलायला एक मिनिट लागतं ते गायला साधारण तिप्पट लागतं. त्यामुळे दोन-अडीच तासांच्या ऑपेराची संहिता हातात घेतली तर चोपडीएवढी पातळ असते.

शिकणाऱ्यांना वीस मिनिटांचा ऑपेरा लिहायला लावायची इकडे चांगली पद्धत आहे. वॉशिंग्टन नॅशनल ऑपेराने २०१२पासून त्यासाठी खास उपक्रमच चालवला आणि कॅम्पबेलनेही तिथे नव्या लोकांना मार्गदर्शन केलं. आमच्या वर्गाचंही शेवटचं काम तेच होतं.

विषय सुचायला मला वेळ लागला नाही: डॉ. आनंदीबाई जोशी. माझ्या घरापासून रोझेल गाव जवळ आहे. थिओडिशिया कार्पेंटर राहायची ते रोझेल. १८८०मध्ये ही बाई दंतवैद्याकडे आपला नंबर येईपर्यंत एक मिशनरी मासिक चाळत बसली होती. त्यात गोपाळराव जोशी नावाच्या कुणा हिंदू गृहस्थाचं पत्र छापलेलं: बायकोला शिकवायचं आहे, अमेरिकेत काही सोय होईल का? खाली संपादकाचं उत्तर की आधी ख्रिस्ती व्हा. बाईने घरी येऊन आनंदीबाईंना पत्र लिहिलं. तिथून दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला, आनंदी तिला मावशी म्हणू लागली, आणि १८८३च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरली तेव्हा घ्यायला हीच मावशी आली होती.

(रोझेलला लागूनच एलिझाबेथ. मोझार्टसाठी ‘फिगारो’ आणि ‘डॉन जोव्हानी’ लिहिणारा दा पाँते १८०५मध्ये अमेरिकेत आला तो काही काळ तिथे किराणा दुकान चालवत होता. पुढे कोलंबिया विद्यापीठात इटालियनचा प्राध्यापक झाला आणि १८३८मध्ये न्यूयॉर्कात वारला. त्या रस्त्यांवरून माझं रोज जाणंयेणं आहे. मला त्याचा आधार वाटतो.)

आधी हक्कांचं बघावं लागतं. कुणाच्या कादंबरीवर किंवा सिनेमावर लिहायचं तर परवानगी आणि पैसे, दोन्ही लागतात. छोट्या ऑपेराचं बजेट तिथेच संपतं. आनंदीबाईंवर मराठीत गाजलेली कादंबरी आहे, ती मी मुद्दाम बाजूला ठेवली. कॅरोलाइन डॉल या अमेरिकी बाईने १८८८मध्ये लिहिलेलं चरित्र आणि काशीबाई कानिटकरांचं १९१२चं मराठी चरित्र, ही दोन पुस्तकं समोर घेतली. त्यांत पत्रं आहेत, तारखा आहेत, आणि त्यांच्यावर आता कुणाचा हक्क नाही.

पण पत्रं ही ऑपेराला वैरीण. पत्रात जे झालं ते सांगितलेलं असतं, आणि रंगमंचावर तर ते व्हायला हवं. बाईंनी माझा पहिला आराखडा वाचून विचारलं, “या दोघी समोरासमोर कधी येतात?” धक्क्यावर, मी म्हटलं. “मग त्याआधी दोघी एकत्र गाऊ शकतात, पण एकमेकींना ऐकू येत नाही. हे वापर.” नाटकात दोन माणसं एकाच वेळी बोलली तर गोंधळ होतो; ऑपेरात तेच होतं आणि त्याला युगुलगीत म्हणतात. इथे माझी गाठ सुटली. पहिल्या प्रवेशात डाव्या हाताला वेटिंग रूममध्ये दात दुखत असलेली कार्पेंटर, उजव्या हाताला आनंदी. वय पंधरा, मूल जन्मून दहा दिवसांत गेलेलं, वैद्यकीय मदत नव्हती म्हणून गेलेलं. एक मासिक वाचते आहे, दुसरी पुस्तक. दोघी आपापल्या ओळी गातात आणि शेवटच्या ओळीत दोघींच्या तोंडी एकच शब्द येतो.

दुसरा प्रवेश धक्क्यावरचा. तिसऱ्यात रोझेलला पार्सल येतं. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात गेल्या, एकविसाव्या वर्षी, डॉक्टर होऊन वर्षही झालं नव्हतं. गोपाळरावांनी रक्षा मावशीकडे पाठवली आणि तिने ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीला आपल्या घरच्यांच्या दफनभूमीत पुरली. मी तिथे जाऊन आले. दगडावर नाव आहे, नावापुढे एम.डी. आहे.

गोपाळराव? ते मी ठेवलेच नाहीत. आपल्या मंडळींना हे पटणार नाही हे ठाऊक होतं. त्यांच्याशिवाय आनंदीबाई नाहीत, हे खरंच. पण वीस मिनिटांत ते आले की सगळा वेळ तेच घेतात. माणूसच तसा. जेक हेगी या संगीतकाराच्या ‘मोबी-डिक’ ऑपेरात लिब्रेटिस्ट जीन शीअरने कादंबरीचं जगप्रसिद्ध पहिलं वाक्य उचलून ऑपेराच्या अगदी शेवटी नेऊन ठेवलं, आणि ऑपेरा आख्खा समुद्रावर घडवला, किनाऱ्याची सगळी प्रकरणं गाळून. त्याने एवढं केलं, तर मी एक पात्र दाराबाहेर ठेवायला कचरायचं कारण नव्हतं. गोपाळराव फक्त छापील पत्र म्हणून येतात, मासिकात.

पुढची पायरी वाचनाची. संगीताचा एक सूरही लागायच्या आधी नटांना बसवून संहिता मोठ्याने वाचून घेतात. ही पद्धत मला फार आवडली. संहिता नुसती ऐकताना कुठे कंटाळा येतो ते कळतं, आणि तिथे संगीतकाराच्या भरवशावर राहता येत नाही. कार्पेंटरच्या तोंडी मी नवऱ्याबद्दल, चर्चबद्दल, रोझेलच्या हिवाळ्याबद्दल बरंच काही घातलं होतं. वाचन संपलं तेव्हा त्यातलं निम्मं मी स्वतःच खोडलं होतं.

मग संगीतकार आला. तिशीतला मुलगा, ओहायोचा. आनंदीबाईंचं नाव त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं. आमच्या पहिल्या भेटीत मी वाट बघत होते की आता हा चाल ऐकवेल. तो माझ्याकडे बघत होता. शेवटी म्हणाला, “तुझं झालं की मी सुरू करतो.” लिहिताना माझ्या डोक्यात आपोआप काही ना काही वाजत असे, धक्क्यावरच्या प्रवेशात तर भीमपलास हटतच नव्हता. ते त्याला सांगायचं नाही, असं मी ठरवलं. त्याच्या कानात जे वाजेल ते माझ्या कानातल्यापेक्षा वेगळंच असणार आणि त्यासाठी जागा मोकळी असायला हवी.

तो चालींबद्दल कधी बोललाच नाही. प्रश्न मात्र सतत. पार्सल हातात आल्यावर ती लगेच उघडते की नाही? खोलीत आणखी कोण आहे? ‘मी तुला ओळखलं’ असं ती धक्क्यावर म्हणते, ते साडीवरून की चेहऱ्यावरून? या प्रश्नांची उत्तरं संहितेत कुठेच आली नाहीत, पण संगीतात आली. उघडायच्या आधीचा वेळ त्याने चार वाद्यांना दिला, आणि तिथे शब्द नाही.

तिसऱ्या प्रवेशात कार्पेंटरचा निरोप होता. मनापासून लिहिलेला, अठरा ओळींचा. त्याने एक दिवस फोन करून विचारलं, यातली एक ओळ ठेवली तर चालेल का? मी दोन दिवस मागितले. त्या दोन दिवसांत ओदबेरचा खंदक पुन्हा पुन्हा आठवला. मग मीच एक ओळ निवडली, आणि ती त्या अठरांतली नव्हती. पहिल्या प्रवेशात आनंदी पुस्तक उघडताना जे म्हणते तेच, शब्द न बदलता, मावशीच्या तोंडी. त्याने लगेच ओळखलं. पहिल्या प्रवेशातली आनंदीची धून त्याने खालच्या पट्टीत मेझोला, म्हणजे मावशीला दिली. आमच्या दोघांचं काम खऱ्या अर्थाने एकत्र आलं ते इथे.

पियानोवरचं वर्कशॉप म्हणजे गायिका, पियानो आणि आम्ही दोघं, चार भिंतींच्या आत. इथे शब्दांची खरी परीक्षा होते. सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीची गायिका, वरच्या सुरांत गेली की व्यंजनं विरघळतात, उरतो तो फक्त स्वर. माझी एक ओळ ‘स्ट्रेंग्थ’ या शब्दावर संपत होती आणि संगीताचा कळस नेमका तिथेच होता. गायिका म्हणाली, हा शब्द या सुरावर तोंडातून निघणारच नाही, मला तोंड उघडणारा शब्द दे. आपल्याकडे तान बहुतेक आकारात घेतात, त्यामुळे तिचं म्हणणं मला पुरतं पटलं. ओळ फिरवली. ‘मावशी’ हा शब्द मात्र तिने मागून घेतला. धक्क्यावर आनंदी तो तीनदा म्हणते, आणि त्यातला ‘मा’ ती इतका लांबवते की पियानोवाल्याने वर बघितलं. ‘व’ आणि ‘शी’ यांसाठी तिने माझ्यामागे लागून तासभर उच्चार घोटला. अशा गायिकेसाठी लिहायला मिळणं हे मी भाग्य समजते.

प्रयोग लहान सभागृहात झाला, इतर विद्यार्थ्यांच्या कामांबरोबर. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, छान झाला. आमच्या मंडळातली माणसं आवर्जून आली. पेटीवाले काका शेवटपर्यंत टेकून बसले नाहीत. बाहेर आल्यावर पहिला प्रश्न आला तो अपेक्षेप्रमाणे, “गोपाळराव कुठायत?” दुसरा प्रश्न काकांचा: शब्द आधी की चाल आधी? शब्द, असं सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पुढच्या वेळी माझ्यावरही टाकून बघ.” तसं एक पद मी त्यांना लिहून दिलं आहे. चाल अजून आलेली नाही.

आता एका छोट्या कंपनीला याच संहितेचा तासाभराचा ऑपेरा हवा आहे. करार आला तेव्हा त्यात संगीतकाराचं नाव वर आणि माझं खाली, बारीक टाइपात होतं. मानधनातला फरक मी समजू शकते. स्कोअर, म्हणजे सगळ्या आवाजांची आणि वाद्यांची स्वरलिपी, लिहायला त्याला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. नावाच्या आकारावर मात्र मी अडून बसले. भांडायचा प्रसंग आलाच नाही. मी काही म्हणायच्या आत संगीतकाराने स्वतःच पत्र पाठवलं की दोन्ही नावं एकाच ओळीत, एकाच मापात असावीत. ते मान्य झालं.

तासाभरात गोपाळरावांना आणावंच लागेल, आणि मलाही आता ते हवे आहेत. बॅरिटोन. त्यांचा प्रवेश मी ठरवला आहे: पत्नीची रक्षा समोर, आणि ती पुण्यात न ठेवता समुद्रापार पाठवायचा निर्णय. हा हट्टी, तापट, बायकोला शिक्षणासाठी छळणारा आणि तिच्या शिक्षणासाठी जगाशी भांडणारा माणूस त्या क्षणी काय मागतो, याचं एक पान अजून माझ्याकडून लिहून झालेलं नाही. कानिटकरांचं चरित्र परत काढलंय. संगीतकाराला पान दिवाळीपर्यंत हवं आहे.